तिसऱ्या गाण्यानंतरचे अकरा सेकंद

पहिलं गाणं

याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बरं जमलंय.

दुसरं गाणं

हेही सोडा. मधल्याची कोण दखल घेतं?

तिसरं गाणं

यात ताई आहे. गायिकेची सख्खी थोरली बहीण, दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. धाकटीने शब्द लिहायचे, चाल बांधायची आणि ताईने मागून दुसरा आवाज द्यायचा, हे शाळेपासूनचं. धाकटीचा अल्बम पाच महिन्यांनी येणार. त्याची चुणूक म्हणून ही तीन गाणी आज सकाळी नऊला ऑनलाइन आली. उरलेल्या आठांतही ताई गाणार होती. पुढच्या आठवड्यात रेकॉर्डिंग, आणि ताईने त्यासाठी रजाही टाकली होती.

शेवटचे अकरा सेकंद

हे गाण्याचा भाग नव्हतेच; माइक चालू राहिला म्हणून फाइलीत आले. रेकॉर्डिस्टने फाइल पाठवून विचारलं होतं, "शेवटपर्यंत ऐकलंस ना?" गायिका म्हणाली, "शेवट मला पाठ आहे." आणि न ऐकताच 'हो' कळवून मोकळी झाली.

सकाळी अकरा वाजता, चहा घेताना, तिने तो शेवट ऐकला. गाणं संपतं, आणि तिचाच आवाज म्हणतो:

"ताईला खाली घे. अजून खाली. नाही ऐकू आली तरी चालेल."

"मग ठेवायचं कशाला?"

"वाईट वाटेल ना तिला!"

आणि ती आणि रेकॉर्डिस्ट, दोघं हसतात.

गायिकेने कप तसाच ठेवला. रेकॉर्डिस्टला फोन केला, तर तो म्हणाला, "बदलायला दोन दिवस लागतील. शेवटपर्यंत ऐकतंय कोण?"

ताई ऐकते. गायिकेने पायात चपला अडकवल्या.

त्यानंतर

दवाखान्यात सात-आठ पेशंट, आणि स्पीकरवर तीच गाणी. गाल सुजलेले एक आजोबा म्हणाले, "तुम्हीच का त्या? चौथ्यांदा ऐकतोय. छान आहे. दाढ मात्र दुखायची थांबली नाही."

काउंटरशी जाऊन ती हळूच म्हणाली, "ताई, ते शेवटी जे बोलणं आहे..."

"ऐकलं." ताई फाइली सरळ करत होती. "बेसूरच लागले असणार मी. हल्ली रियाज कुठे होतो? यांना सगळ्यांना सांगितलंय, धाकटीने सांभाळून घेतलं म्हणून."

सुटकेचं दार सताड उघडं होतं. नुसतं 'हं' म्हटलं की झालं.

"हं," गायिका म्हणाली.

"बघा आजोबा, म्हटलं नव्हतं?" ताई हसली. चारचौघांत स्वतःकडे कमीपणा घेऊन हसली, आणि तीही धाकटीची लाज राखायला. गायिकेला तिथे उभं राहवेना आणि निघताही येईना.

"खोटं आहे ते," ती म्हणाली. "तू सुरात होतीस. माझ्यापेक्षा चांगली. लोक तुझाच आवाज ऐकत बसले असते, ताई. म्हणून खाली घ्यायला लावला."

आजोबांनी गालावरचा हात काढला.

ताईचं हसू हळूहळू उतरलं. "बेसूर असते तर बरं होतं गं," ती म्हणाली.

"ताई, अल्बममध्ये..."

"रजा मी रद्द करते. बाजूला हो, मागे बाई उभ्या आहेत."

ती बाजूला झाली.