शिळं पाणी

नळ आला की जुळे सोलापुरातल्या त्या गल्लीत आधी पाणी ओतायची घाई सुटायची, भरायचं नंतर. नळ यायचा चार-पाच दिवसांनी. मधले दिवस ज्या पाण्याला सोन्यासारखं जपलं, ते नव्या पाण्याची पहिली धार दिसताच शिळं व्हायचं. मग पिंपं आडवी, घागरी पालथ्या आणि रस्ताभर चिखल. दोन दिवसांनी याच बायका टँकरवाल्याला फोन लावून त्याच्या नावानं बोटं मोडायच्या. शालनही त्यातलीच. सासूनं घातलेली शिस्त होती, ती सासू गेल्यावरही सुटली नव्हती.

एवढं एक सोडलं तर शालनसारखी काटकसरी बाई गल्लीत दुसरी नव्हती. डाळ भिजवल्याशिवाय कुकर चढायचा नाही, भात होत आला की गॅस बंद आणि उरलेलं काम वाफेवर. जुन्या साड्यांच्या पिशव्या, फाटक्या बनियनची फडकी, रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की घरभर आरडाओरडा. नवरा, धर्मपाल, चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर. त्याच्याकडे या सगळ्याला एकच शब्द होता. चिकटपणा. "आमची ही लई चिकट," असं तो पाहुण्यांसमोर हसत हसत सांगायचा, आणि पाहुणेही हसायचे.

मग तीन वर्षांपूर्वी समोरच्या घरात अक्कलकोटकडचं बिऱ्हाड आलं. काशम्मा आणि तिचा नवरा रुद्रप्पा. काशम्माही डाळ भिजवायची, काशम्माही साडीची पिशवी घेऊन बाजारात जायची. पण ती करायची तेव्हा धर्मपालच्या लेखी ते पर्यावरण होतं.

"बघ जरा काशम्मावहिनींकडं," तो गॅलरीतून म्हणायचा. "नळ आला तरी थेंबभर सांडत न्हाईत. हाय त्याच पिंपात वरून भर घालतात. टँकर माहीत न्हाय त्यांना. आणि तू? पैसा गटारात ओततीस."

शालनच्या अंगाची लाही व्हायची. वीस वर्षं एका बनियनची तीन फडकी केली, तेव्हा हे तोंड कुठं गेलं होतं? आणि वहिनी काय, वहिनी! स्वतःच्या बायकोला कधी नावानं हाक मारली नाही. काशम्माचं सगळंच तिला खुपायला लागलं. ते ठसठशीत कुंकू, तो हसरा चेहरा, त्या गच्चीतल्या तरारलेल्या मिरच्या. एकदा त्या मिरच्यांना कीड लागल्याचं कळलं, तर शालनला त्या दिवशी भाकरी दोन घास जास्त गेली.

पण बाई हार मानणारी नव्हती. उन्हाळा लागला तसं तिनं कुणाला न सांगता पाणी ओतायचं बंद केलं. सासूची मनातल्या मनात माफी मागितली. पिंपं घासून घेतली, तोंडाला दुहेरी फडकं बांधलं, जिन्याखालची अडगळ काढून तिथं आणखी दोन पिंपं मांडली. नव्या पाण्याच्या दिवशी शेजारणींना संशय नको म्हणून दारात अर्धी बादली तेवढी ओतायची. धर्मपालला ती काही बोलली नाही. त्यानं आपल्या डोळ्यांनी बघावं आणि आपल्या तोंडानं म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. एकदा. फक्त तिला.

मे महिन्यात जलवाहिनी फुटली. नळाचा दिवस आला नि गेला, त्याच्या पुढचाही गेला. गल्लीतली भांडी खणखणीत कोरडी, आणि टँकरवाला फोन उचलेना. धर्मपाल कामावरून आला तो तोंड पाडूनच.

"अंघोळीचं काय करायचं आता?"

"करा की अंघोळ," शालन म्हणाली, आणि जिन्याखालच्या पिंपांवरची फडकी तिनं एकेक करून काढली. दोन्ही काठोकाठ.

धर्मपाल बघतच राहिला. त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात दारात काशम्मा आली, काखेत रिकामी घागर घेऊन.

"अक्का, लाज वाटती मागायला. माहेरची दहा माणसं आलीत, हुतं नव्हतं ते पाणी संपलं. एक घागर मिळंल का?"

शालननं एक नाही, दोन घागरी भरून दिल्या; दुसरी आपल्या घरातली. काय सांगावं तिचं सुख! काशम्मा मागायला आलेली आणि नवरा साक्षीला उभा.

"वहिनी," धर्मपाल म्हणाला, "हे सगळं तुमचंच बरं का. तुमचं बघून बघून शेवटी हिच्या डोक्यात उजेड पडला."

शालनच्या हातातला तांब्या पिंपावर आपटला.

काशम्मानं घागरी खाली ठेवल्या. "असं कसं म्हणताव, भाऊ? आमी सामान उतरवलं त्या दिवशी अक्का परातीचं धुवण कढीपत्त्याला घालत हुत्या. ते बघून मी सुरू केलं. डाळ भिजवायचं बी यांचंच, पिशव्या बी यांच्याच. मी माहेरी यांचंच नाव सांगती की. खोटं न्हाय, विचारा माझ्या घरच्यांना."

जे ऐकायला शालनचे कान आसुसले होते ते हेच होतं, शब्दाला शब्द. तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

धर्मपाल मान डोलावत होता. चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं.

"बघितलंस?" तो शालनला म्हणाला. "याला म्हणतात मोठं मन. सगळं स्वतः करून नाव दुसऱ्याला देतात. शिक जरा."

काशम्मानं शालनकडं बघितलं. घागरी उचलून ती खालमानेनं गेली. तिचा काही दोष नव्हता, हे शालनला आता पक्कं कळलं होतं. त्यामुळं तर तिला काशम्माचा पहिल्यापेक्षा जास्त राग आला.