आंधळ्या म्हातारीचा नमस्कार

आमच्या सासूबाईंना, म्हणजे कुशाबाईंना, आयुष्यात पहिल्यांदा नाटकात काम मिळालं, तेही आंधळ्या म्हातारीचं. वरकुट्याच्या आम्हा बायकांचं नाटक वालचंदनगरला स्पर्धेत उतरणार होतं. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांचं पाठांतर पक्कं, आवाज पार बांधापलीकडं जाणारा. घोडं अडलं एकाच ठिकाणी. स्टेजवर उजेड पडला की त्या हात जोडायच्या.

आता तिन्हीसांजेला दिवा लागला की आमच्याकडं कोण हात जोडत नाही? पण आंधळीला उजेड कळतो कसा, हा रणजितसरांचा सवाल. नाटक बसवायला ते बारामतीहून यायचे. "मावशी, तुम्हाला दिसत नाही," असं त्यांनी दहादा सांगितलं. "व्हय की," आत्याबाई म्हणायच्या, आणि उजेड पडला की हात पुन्हा छातीशी. शेवटी सर वैतागले. "उद्या परत असं झालं तर हे काम भामाबाईंना देणार."

घरी येईपर्यंत आत्याबाई दोन्ही हात पदरात गुंडाळून चालल्या. मला वाईट वाटलं आणि सरांचा रागही आला. साठ वर्षांची सवय, ती काय नळासारखी बंद होते?

नाटकाची लाईट मी, त्यांची थोरली सून राजेश्वरी, सांभाळत होते. सरांनी मला मोजके शब्द शिकवले होते. सगळा अंधार म्हणजे ब्लॅकआउट. एकाच माणसावर उजेड म्हणजे स्पॉट. हळूहळू आणायचा तो फेड-इन, हळूहळू न्यायचा तो फेड-आउट. आणि हे सगळं ज्या पेटीवर करायचं ती डिमर, तिच्या दांड्या वर सरकवल्या की उजेड वाढतो. माझा फेड-इन मात्र नावालाच. दांडी धरली की झटक्यात वर. विचार करता करता लक्षात आलं, चूक माझीच होती. भक्कन उजेड पाडल्यावर बाई हात जोडणार नाही तर काय करणार?

दुसऱ्या दिवशी तालमीत मी दांडी मुंगीच्या पावलानं सरकवली. मनात शंभर आकडे मोजले.

"वहिनी, झोप लागली का?" सर म्हणाले.

"थांबा हो जरा," मी म्हटलं.

पहाट व्हावी तसा उजेड आला. नेमका कधी आला, कुणालाच सांगता आलं नसतं. आत्याबाईंचे हात मांडीवरच राहिले आणि त्यांचं काम वाचलं.

स्पर्धेतला प्रयोग दुपारी चारला झाला. तिथंही शंभर आकडे मोजले आणि तिथंही हात मांडीवरच राहिले. बक्षीस दुसरं मिळालं. पहिलं का नाही, यावर मी आजही भांडायला तयार आहे.

लोक उठू लागले तशा आत्याबाई तोंडाचा रंगही न पुसता माझ्या पेटीपाशी आल्या. मला वाटलं, शाबासकी देतील.

"राजू, दिवा कवा लावलास गं? मला कळलंच न्हाय."

"तसंच तर हवं होतं, आत्याबाई."

"ते झालं. पर माझा नमस्कार राहिला की. जिवाला बरं वाटंना. परत लाव."

मी सगळ्या दांड्या खाली ओढल्या. स्टेज काळंकुट्ट झालं. मग एका दमात सगळ्या वर. आत्याबाईंनी डोळे मिटून हात जोडले. दाराकडं निघालेल्या बायका थबकल्या, त्यांनीही जोडले. रणजितसरांनी इकडंतिकडं बघितलं आणि मुकाट्यानं जोडले. मला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. मी आपली दांड्या धरून उभी.

"आन् तू गं?" आत्याबाई म्हणाल्या. "तुझ्याच हातानं लागलाय न्हवं?"

मी पेटी सोडली आणि हात जोडले.