दसऱ्याला पुजलेला कॅमेरा

मी एक जुना कॅमेरा आहे. मित्रांनो, मोहन्याच्या बाजारात सीतारामचं किराणा दुकान आहे, तिथे अगरबत्तीच्या खोक्यांवर मी टांगलेला असतो. छोट्या दुकानांतले गुन्हे थांबावेत म्हणून नियम निघाला: कॅमेरा नाही, तर परवाना नाही. माणसांनी वाईट वागू नये असा नियम आधीपासून होताच, पण तो भिंतीवर ठोकता येत नव्हता.

पहिल्याच उन्हाळ्यात दगडूने मला काम दिलं. गल्लीचा दादा तो. फुकट सिगारेट मिळाली नाही म्हणून त्याने तेलाचा डबा सीतारामच्या तोंडावर हाणला. जबडा मोडला, दात साखरेच्या पोत्यात पडले. मी सगळं टिपलं, दगडू आत गेला. लोक मला बघायला येऊ लागले. मी थोडा फुगलो, खोटं कशाला बोलू?

सीतारामची बायको आवडाबाई तर मला हात जोडू लागली. दसऱ्याला तिने तराजू पुजला, वजनं पुजली, मग स्टुलावर चढून माझ्या काचेवरही हळदकुंकवाची बोटं ओढली.

"अगं, पडद्यावर काहीच दिसत नाही," सीताराम म्हणाला.

"मग पुसा की."

"पुजलेलं पुसायचं? वेडी का तू? दिवाळीनंतर बघू."

तपासणीचे साहेब आले. कॅमेरा आहे? आहे. बरोबरची खूण करून, चहा पिऊन गेले.

दिवाळीच्या तोंडावर दगडू जामिनावर सुटला आणि कोयता घेऊन आला. मला नुसतं लाल-पिवळं दिसत होतं. ऐकू मात्र सगळं आलं. बरण्या फुटल्या. "दगडू, नको रे!" मग कोयता फळीत रुतला. मध्ये सीतारामचा उजवा हात होता.

मला ऐकू येतं, पण माझ्यात आवाज साठत नाही.

"काय हो मावशी, पुरावाच पुजलात!" हवालदार म्हणाला. सीतारामच्या एकट्या शब्दासमोर दगडूने साक्षीदार आणले: तो म्हणे तेव्हा टिटवाळ्याला दर्शनाला होता. तो पुन्हा बाहेर.

तेव्हापासून आवडाबाई मला रोज पदराने पुसते.

काल भर दुपारी दगडू आला. माझ्याकडे बघून हसला. "काय मावशी, पूजा संपली वाटतं? काकांचा दुसरा हात बरा आहे ना?" आणि सिगारेटचं पाकीट घ्यायला स्वतःच गल्ल्याखाली वाकला.

आवडाबाईने पाच किलोचं वजन उचललं.

"हेपण पुजलेलंच आहे रे," ती म्हणाली, आणि हाणलं. तो पडल्यावरही हाणत राहिली.

मला सगळं लख्ख दिसलं. तिचा चेहरा, तिचे हात, वजनावरचा आकडासुद्धा. आता पोलीससाहेब मला उतरवून न्यायला आलेत. तिला आधीच नेलंय.

मित्रांनो, आपल्या दुकानातला कॅमेरा वेळच्या वेळी पुसत जा. उशिरा पुसलात तरी तो खरं तेच दाखवतो, पण भलत्याच माणसाचं. काल वजन वर गेलं तेव्हा मला एकच वाटत होतं: कुणीतरी स्टुलावर चढावं आणि माझ्या काचेवर बोटभर हळद फासावी.