एकदाही घरी न गेलेली पुस्तकं

"हे कुणी चिकटवलं?" सूचनाफलकावरचा रंगीत कागद बोटाने ठोकत बाईंनी विचारलं.

ग्रंथालयाचे शिपाई मामा स्टुलावर उभे राहून ट्यूब पुसत होते. "उपप्राचार्य सरांनी. तुम्ही रजेवर होतात ना."

कागदावर लिहिलं होतं, 'विद्यार्थ्यांसाठी आनंदाची बातमी! संदर्भ कक्षाच्या जागी अत्याधुनिक रिसोर्स सेंटर. उद्घाटन येत्या शुक्रवारी.' खाली सोफ्यावर बसून हसणाऱ्या दोन मुलींचा फोटो. त्या या कॉलेजच्या नव्हत्याच. इथल्या मुलींना असं बसून हसायला सवड नसते, त्यांना बस गाठायची असते.

बाई संदर्भ कक्षाकडे जवळजवळ धावतच गेल्या. त्या इथल्या ग्रंथपाल. आवाज असा की मुलं पाठीमागे त्यांना तोफ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. आईच्या ऑपरेशनसाठी घेतलेली रजा संपवून, आईला भावजयीच्या हवाली करून त्या आजच कामावर आल्या होत्या. पाहतात तो कक्ष रिकामा. जिथे कपाटं होती तिथे फरशीवर नुसते चौकोनी डाग, आणि मधोमध प्लास्टिकच्या वेष्टणातले सोफे.

"मामा, पुस्तकं कुठायत?"

"रद्दीत गेली की. परवा टेम्पो आला होता."

"कुठली गेली?"

"यादीतली. यादी बघून एकेक काढलं. सगळी याच खोलीतली निघाली, वरच्या मजल्याची खेप वाचली बघा माझी."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या थेट उपप्राचार्यांच्या खोलीत शिरल्या. दार वाजवायचं राहिलं ते राहिलंच.

"या, या. आई कशी आहे?" उपप्राचार्य म्हणाले. माणूस गोड बोलणारा. कुणाचं काही काढून घ्यायचं असलं की आधी घरची खुशाली विचारायची, ही त्यांची पद्धत.

"आईचं राहू द्या. संदर्भ विभाग कुणी विकला?"

"कुणी म्हणजे?" त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा बाईंकडे वळवला. "दहा वर्षांत एकदाही कुणी घरी नेली नाहीत अशा पुस्तकांची यादी मी मागितली. तुम्ही पाठवलीत. हे तुमचं नाव."

बाईंनी पडद्यावरची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. संदर्भ विभागातलं पुस्तक घरी देतच नाहीत. तिथेच बसून वाचायचं आणि जाताना टेबलावर ठेवायचं, हा खुद्द बाईंचा कडक नियम. ज्यांना ती जाडजूड पुस्तकं विकत घेणं परवडत नाही अशी मुलं तिथे नंबर लावून वाचायची. पानांचे कोपरे त्यांच्या बोटांनी काळे पडले होते. पण कॉम्प्युटरला फक्त घरी नेलेलं कळतं, त्याने या सगळ्यांपुढे शून्य लिहिलं. आणि कुणी कधी उघडूनही पाहिली नसेल अशी रटाळ चरित्रं, चुकून एकदा कुणाच्या तरी पिशवीतून घरी जाऊन आली म्हणून बचावली.

आईला ऑपरेशनसाठी आत नेलं होतं तेव्हा बाई हॉस्पिटलच्या बाकावर बसल्या होत्या. 'यादी तातडीने पाठवा' असा निरोप आला. त्यांनी फोनवरूनच ती काढली आणि न उघडता पुढे ढकलली. एखाद्या नवख्या माणसाने अशी यादी पाठवली असती तर बाईंनी त्याला उभा सोलला असता.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "पण मी इथे नसताना ती मागितलीत कशाला? मी असते तर वाचली असती, म्हणूनच ना?"

उपप्राचार्यांनी पेनाचं टोपण उघडलं, बंद केलं. "अध्यक्षांना शुक्रवारची तारीख दिली होती हो. आता खापर फोडायला गेलो तर ते तुमच्याच डोक्यावर फुटणार. तुमची नोकरी उरलीय किती? आपण असं करू, पुस्तकांना वाळवी लागली होती असं फलकावर लावून टाकू. मुलं चार दिवस बोलतील आणि विसरतील."

"चार दिवस बोलायला त्यांच्याकडे वेळ नाही. आठवड्यावर परीक्षा आलीय."

"म्हणूनच तर म्हणतो, उगाच विषय वाढवू नका."

बाई उठल्या. त्यांना त्या माणसाची चीड आली होतीच, पण वाळवीचं ऐकताना क्षणभर आपल्यालाही बरं वाटलं, याची जास्त चीड आली.

मामांना घेऊन त्या रद्दीच्या गोदामात गेल्या. दारातच पुस्तकांच्या पुठ्ठ्यांचा ढीग होता. आपल्या हाताने चिकटवलेले नंबर त्यांनी लांबूनच ओळखले. आत पुस्तकं नव्हती, नुसते पुठ्ठे होते.

"पुठ्ठा वेगळा जातो ताई, कागद वेगळा," रद्दीवाला म्हणाला. "अर्धा माल तर कालच कागदाच्या गिरणीला गेला. उरलेलं ते पलीकडे आहे, न्या की तुम्ही."

बाई साडी खोचून खाली बसल्या आणि दुपारभर कागद उपसत राहिल्या. गठ्ठा नीट धरला नाही म्हणून मामांवर ओरडल्या. सुतळी कच्ची निघाली म्हणून रद्दीवाल्यावर ओरडल्या. ज्या एका माणसावर ओरडायला हवं होतं, म्हणजे स्वतःवर, तिथे ओरडायची सोय नव्हती. मामा गठ्ठे बांधत होते. शेवटी म्हणाले, "बाई, पाणी प्या आधी. मग पुन्हा ओरडा."

मिळाली तेवढी पुस्तकं पोत्यांत भरून आणली. बिनपुठ्ठ्याची, कुणाचं पुढचं पान नाही, कुणाचं मागचं निम्मं अंग नाही. बाईंनी ती नव्या सोफ्यांवर ओळीने मांडली. प्लास्टिक काढायचीही तसदी घेतली नाही.

मग फलकावरचा रंगीत कागद त्यांनी उतरवला आणि त्या जागी स्वतःच्या अक्षरात लिहून लावलं. 'विद्यार्थ्यांसाठी बातमी. संदर्भ विभागातली पुस्तकं रद्दीत गेली. ती चांगली होती. यादी मी पाठवली, न वाचता. जेवढी परत मिळाली तेवढी आत आहेत. ग्रंथपाल.'

"सर फाडतील हे," मामा म्हणाले.

"फाडू देत. मी पुन्हा लिहीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीवाली आली. औषधशास्त्राची विद्यार्थिनी. सकाळी कपड्यांच्या दुकानात काम करायची आणि दुपारपासून ग्रंथालय बंद होईपर्यंत संदर्भ कक्षाच्या खिडकीपाशी एकच जाड पुस्तक वाचत बसायची, म्हणून मामांनी तिला ते नाव दिलं होतं. ती फलकापाशी बराच वेळ उभी राहिली. आत आल्यावर तिने सोफ्यावरून आपलं पुस्तक शोधून काढलं, उलटलं, पुन्हा उलटलं आणि काउंटरवर आणून ठेवलं.

"मागचा भाग नाहीये."

"नाही. गिरणीत गेला."

"निम्मा पेपर त्याच्यावर असतो."

"माहीत आहे मला."

"तुम्ही खरंच न वाचता पाठवली?" मुलीचा आवाज चढला. टेबलांवरची मुलं वळून बघायला लागली. "मी इथं पुस्तकावर नुसता हात टेकवून बोलले तरी तुम्ही मला हाकलायचात. पानाला घडी घातली म्हणून मला दोन दिवस बसू दिलं नव्हतं तुम्ही."

"हो," बाई म्हणाल्या. आई आत होती, हे सांगायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. ते खरं होतं, पण त्या मुलीच्या परीक्षेत त्याला मार्क नव्हते.

"हे घरी घेऊन जा," त्या म्हणाल्या. "मागचा भाग मी दुसऱ्या कॉलेजांत विचारते. सगळीकडे विचारते."

मुलीने पुस्तक उचललं. घरी न नेता ती खिडकीपाशी गेली. तिथे आता टेबल नव्हतं, म्हणून फरशीवर बसली आणि उरलेल्या पानांतून टिपून घेऊ लागली. बाई एकामागून एक फोन लावत राहिल्या. बहुतेक ठिकाणी कुणी उचललाच नाही.

ग्रंथालय बंद करायची वेळ झाली तेव्हा मुलीने सुटी पानं नीट जुळवली, सुतळीने बांधली आणि गठ्ठा काउंटरवर ठेवला. रोज जाताना ती 'येते मॅडम' म्हणायची. आज न बोलताच पायऱ्या उतरली.