पत्र्याखालची पापणी

मावशीने पत्रा उचलला. बंद गोदामामागे, उन्हाने तापलेल्या पत्र्याखाली तेच बसलं होतं. वीतभर लांब, तपकिरी, तुकतुकीत, आणि पाय नावालाही नाहीत. सरपटणारे प्राणी आणि बेडूक ओळखायच्या परीक्षेतला हा दहावा, शेवटचा प्राणी.

मागच्या वर्षी याच पत्र्याखाली असाच एक निघाला होता. मावशीने 'बिनपायाचा सरडा' लिहिलं, परीक्षा घेणाऱ्या सरांनी 'साप' म्हणून लाल फुली मारली आणि मावशी एका गुणाने नापास झाली. जन्मभर शिवणयंत्र चालवलेली बाई, ती सरांशी काय हुज्जत घालणार? घरी येऊन मुकाट्याने काजं करत बसली. 'बेडूकवाली शिंपीण' म्हणून आळीने टिंगल केली ती वेगळीच.

पास व्हायला दहापैकी नऊ हवेत. सकाळी एका बेडकाला तिने भलतंच नाव दिलं होतं, म्हणजे परवडणारी एकुलती एक चूक करून झाली होती.

शेजारी भाचीही परीक्षेला बसली होती. ती कुजबुजली, "मावशी, सरांना हवं तेच लिही. कशाला पायावर धोंडा पाडून घेतेस?"

मावशी उकिडवी बसली, नाक मातीला टेकेल इतकी वाकली. सुईत दोरा ओवताना धरावा तसा श्वास धरला. त्या प्राण्याने सावकाश डोळा मिटला आणि उघडला. मावशीच्या अंगावर आनंदाने काटा आला. सापाला पापणीच नसते.

"सर, याने डोळा मिटला!"

"मावशी, परीक्षेत बोलायचं नसतं."

"मग करा नापास. पण आधी इथे बसा आणि बघा."

बाकीचे परीक्षार्थी माना वळवून बघू लागले. सर कुरकुरत्या गुडघ्यांनी खाली बसले. एक मिनिट गेलं, दोन गेली. मग डोळा मिटला. सरांचा चेहरा असा खुलला की हातातली पेन्सिल कधी पडली ते त्यांना कळलंही नाही.

"परत कर रे बाबा, एकदाच," ते त्या सरड्याची मनधरणी करू लागले. त्यानेही ऐकलं.

सर्व कागद तपासून झाल्यावर सरांनी मावशीच्या हातात प्रमाणपत्र दिलं. तिने ते दोनदा वाचलं आणि एका जागी बोट ठेवलं.

"सर, तारीख चुकलीय. मागच्या वर्षीची पडलीय."

"नाही," सर म्हणाले, "तारीख बरोबर आहे."