समासातली अकरा टिपणं

मित्रांनो, तुमच्यासमोरचा हा जाडजूड, कडा झिजलेला ठोकळा म्हणजे मी, प्राचीन ग्रीक भाषेचा शब्दकोश. मला घडवायला तीन पंडितांची बावीस वर्षं गेली. पुढे मी विद्यापीठाच्या ग्रीक विभागात आलो आणि खिडकीजवळच्या मेजावर पन्नास वर्षं मानानं राहिलो.

विभाग तो केवढासा! एक खोली, शिकवणाऱ्या एक बाई आणि चार विद्यार्थी. बाईही याच खोलीत शिकलेल्या. त्यांच्या गुरुजींनी माझ्या समासांत पेन्सिलीनं बारीक टिपणं केली होती. छापून आलं नव्हतं, असं बरंच काही त्यांत होतं.

चौघांत एक होती खारूताई. शब्द टिपून टिपून चिठ्ठ्यांनी खिसे भरायची, म्हणून हे नाव. मला हात लावण्याआधी रुमालाला हात पुसणारी ती एकटीच. खरं सांगतो, माझा तिच्यावर जीव होता.

त्या वर्षी शिष्यवृत्ती एकच होती. त्या शिष्यवृत्तीसाठी बाईंनी चौघांना एका शोकनाटकातला उतारा भाषांतराला दिला. दुसऱ्याच दुपारी, खोलीत कोणी नसताना, खारूताई आली. तिनं हात पुसले. मला उघडलं. समासातलं एक टिपण दोनदा वाचलं. आणि पिशवीतून ब्लेड काढलं.

मला वाटलं, पेन्सिलीला टोक करणार असेल. पातं शिवणीशी टेकलं तरी मला खरं वाटेना. सर्रकन पान गेलं. ती? आमची खारूताई?

चार दिवसांनी तिचा वर्गमित्र लंबू ओरडला, "बाई, इथलं पान कापलंय!"

बाई धावत आल्या. कापलेल्या कडेवर बोट ठेवून मटकन खुर्चीत बसल्या. "कोणी केलं हे?"

भाषांतरं आली. एका शब्दापाशी बाकीचे तिघेही अडले होते. खारूताईचा अर्थ तेवढा अचूक होता.

"हा अर्थ कुठे मिळाला गं तुला?" बाईंनी विचारलं.

"आठवत होता, बाई."

"हा छापलेला कुठेच नाही. गुरुजींनी त्या पानावर लिहिला होता फक्त."

खारूताई पांढरीफटक पडली. "बाकीच्यांना मिळू नये म्हणून..."

"आण ते पान."

"नाहीये, बाई. घाबरले आणि जाळून टाकलं."

बाई नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या, जणू ही मुलगी आजच वर्गात आली होती.

शिष्यवृत्ती लंबूला मिळाली. खारूताई दुसऱ्या विद्यापीठात गेली, तिथल्या माझ्या दुसऱ्या प्रतीवरून तिनं ते पान हातानं उतरवून आणलं आणि माझ्यात चिकटवलं. अक्षर सुंदर आहे. पण त्या पानावर गुरुजींची अकरा टिपणं होती. तिला एकच आठवलं. तेवढं तिनं समासात लिहिलं.

मित्रांनो, पुस्तकावर पातं चालवू नका. उरलेली दहा टिपणं काय होती, हे बाई मला रोज उघडून विचारतात. गुरुजी केव्हाच गेले, आणि मलाही ती आता सांगता येत नाहीत.