राखीव गोलकीपरची आई

‘‘आता पुढची स्लाइड,’’ सुप्रभा म्हणाली, आणि कोच डीनचं आता काही खरं नाही, हे मला कळलं. माझी बायको एवढं गोड बोलते ती समोरच्याला पुरतं आडवं करायचं असेल तेव्हाच.

बेसिंगस्टोकमधल्या आमच्या तनिषाच्या कॉलेजचा हॉल. मुलींच्या फुटबॉल टीमचे आईबाप, क्रीडाविभागाच्या प्रमुख बाई, आणि पहिल्या रांगेत हाताची घडी घातलेला डीन. स्लाइडवर दोन खांब होते. उंच खांब म्हणजे यंदा मुलींनी सामन्यांत खेळलेली एकूण मिनिटं. शेजारचा बुटका खांब म्हणजे त्यांतली पुढच्या वर्षी कॉलेजात उरणाऱ्या मुलींची मिनिटं. कॉलेज दोनच वर्षांचं, आणि डीनने जवळजवळ सगळे सामने दुसऱ्या वर्षाच्या मुलींनाच दिले होते.

‘‘खेळात अनुभव महत्त्वाचा, हे कोच म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे,’’ ती इंग्रजीत म्हणाली. ‘‘लीगमधल्या सगळ्या टीम्स मी तपासल्या. खेळलेल्या मुली ज्यांच्याकडे जास्त उरतात, त्या टीम्स वर येतात. आपला अनुभव मात्र जूनमध्ये कॉलेज सोडून चाललाय. पुढच्या वर्षी आपण तळाला असू.’’

‘‘मी जिंकण्यासाठी खेळवत होतो,’’ डीन म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. प्रमुख बाई मात्र त्याच्याकडे न बघता भराभर काहीतरी लिहून घेत होत्या.

सुप्रभा डूख धरते. एका गणपतीत श्यामलावहिनी तिच्या मसालेभाताला ‘जरा अळणी झालाय’ म्हणाल्या होत्या. तेव्हापासून त्या जेवायला आल्या की त्यांच्या ताटाशेजारी मिठाची अख्खी बरणी येते. वहिनी बिचाऱ्या हसतात. सुप्रभा हसत नाही.

डीनचा गुन्हा त्याहून मोठा होता. कपच्या सेमीफायनलला पहिली गोलकीपर जखमी झाली. आमची तनिषा राखीव गोलकीपर. ती ग्लोव्हज चढवून उभीसुद्धा राहिली. डीनने तिला बसवलं आणि एका डिफेंडरला गोलमध्ये उभं केलं. सामन्यानंतर सुप्रभाने जाब विचारला, तर म्हणाला, ‘‘तिच्या गाठीला सामने नाहीत.’’

घरी ड्राइव्हवेमध्ये गाडी लागल्यावर सुप्रभा म्हणाली, ‘‘जयंत, आठवतं? नागपूरहून आले तेव्हा इथे प्रत्येक इंटरव्ह्यूत काय सांगायचे मला? ‘यू डोन्ट हॅव यूके एक्स्पीरियन्स.’ अरे, नोकरी दिल्याशिवाय एक्स्पीरियन्स येणार कुठून? आता माझ्या पोरीला तेच ऐकवतायत. मी सोडणार नाहीये त्याला.’’

‘‘अगं, फुटबॉल आहे तो.’’

‘‘तुला नाही कळणार. तुला ट्रान्सफरवर आणलं होतं कंपनीने.’’

सुप्रभा गाड्यांच्या विमा कंपनीत आहे. नवशिका ड्रायव्हर किती धोक्याचा, हे मोजणं हाच तिचा धंदा. डीनला टीमची आकडेवारी सांभाळायला कुणीतरी पालक हवाच होता. हिने हसत हात वर केला. मग प्रत्येक शनिवार-रविवार घरात मॅचेसचे व्हिडिओ. डायनिंग टेबलावर लॅपटॉप, आणि आम्ही बापलेक ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. उत्तर आलं ते डीनच्या बाजूने. अनुभवाने खरंच फरक पडत होता. मला वाटलं, आता ही खट्टू होणार.

‘‘बरोबर आहे तो,’’ ती म्हणाली, आणि तिचे डोळे लकाकले. ‘‘मग त्याने अनुभव कुणाला दिला? जाणाऱ्यांना! त्याच्याच शब्दात धरते त्याला.’’

जूनमध्ये डीनला कॉलेजने पुन्हा करार दिला नाही. त्या दिवशी सुप्रभाने पुरणपोळ्या केल्या. ना सण, ना वाढदिवस. तनिषाने ताट सरकवलं.

‘‘आई, तुला काही माहीत नाही,’’ एवढंच म्हणाली आणि वर निघून गेली.

सप्टेंबरात नवा कोच आला आणि तनिषा गोलमध्ये उभी राहिली. पुढचं काय सांगू? सुप्रभाचा अंदाज बिनचूक निघाला. दर बुधवारी आम्ही रेलिंगला टेकून आमच्या मुलीच्या मागची जाळी हलताना बघायचो. स्वतःचं भाकीत खरं ठरतंय म्हणून बाईला आनंद व्हावा, तर तिचा चेहरा दर सामन्याला आणखी उतरत गेला.

शेवटच्या सामन्याला वारा बोचरा होता. सुप्रभाने तनिषाचा जाड कोट हातावर घेतला होता. मध्यंतरापर्यंत चार गोल चढले. आणि मग गोलच्या मागे, कुंपणापलीकडे, कुत्र्याला घेऊन उभा असलेला डीन मला दिसला.

मी तिकडे गेलो. सुप्रभाही आली, पण चार पावलं मागे राहिली.

‘‘एक पाऊल पुढे, टॅन,’’ डीन हळू आवाजात म्हणाला. तनिषा मागे न बघता पुढे सरकली. पुढचा फटका तिने छातीशी धरला.

‘‘हे कधीपासून?’’ मी विचारलं.

‘‘गेल्या वर्षी दर गुरुवारी. प्रॅक्टिस संपली की आम्ही दोघंच,’’ तो म्हणाला. गुरुवारी बस उशिरा येते, असं आम्हाला सांगितलं जायचं. ‘‘सेमीफायनलला उतरवून चार गोल चढले असते, तर तिने ग्लोव्हज कायमचे काढले असते. मी तिला यंदासाठी तयार करत होतो.’’ त्याने मागे उभ्या सुप्रभाकडे पाहिलं आणि मान लववली. ‘‘तुमचे आकडे चांगले होते.’’

टोमणा असता तर सुप्रभाने दुप्पट परत केला असता. पण हा टोमणा नव्हता.

शिट्टी झाली. हरलो. आम्ही तळाला. तनिषा सरळ कुंपणाशी आली, डीनशी काहीतरी बोलली, हसलीसुद्धा. सीझनभरात मी तिला मैदानावर हसताना पाहिलं नव्हतं.

‘‘मला सांगायचं नाहीस का गं?’’ सुप्रभा म्हणाली.

‘‘तू विचारलंच नाही, आई. तू मोजत होती.’’

वाऱ्यात तनिषा कुडकुडत होती. सुप्रभाने कोट पुढे केला. पण त्याआधीच डीनने आपलं जॅकेट काढून कुंपणावरून दिलं होतं, आणि तनिषाने ते घातलंही होतं.

‘‘तरी त्याने त्या दिवशी तिला सगळ्यांसमोर बसवायला नको होतं,’’ सुप्रभा माझ्याकडे न बघता पुटपुटली. तिने कोटाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. पलीकडे डीन ग्लोव्हजशिवाय नुसत्या हातांनी तनिषाला काहीतरी दाखवत होता आणि ती लांब बाह्यांतून हात बाहेर काढून तसंच करून बघत होती.